हातानं खोदलेला डोंगर: देवगिरी ते वेरूळ, दोन दिवसांत नीट कसा पाहाल

छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की टॅक्सीवाला एका दमात यादी म्हणून दाखवतो: दौलताबाद, भद्रा मारुती, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, येताना मकबरा आणि पाणचक्की. सगळं एका दिवसात. लोक ही यादी पुरीही करतात. संध्याकाळी त्यांना विचारा काय पाहिलं, तर पार्किंग, रांग आणि ऊन एवढंच नीट सांगता येतं. पहिल्यांदाच जाणार असाल तर ही यादी बाजूला ठेवा आणि दोन दिवस काढा. त्यातली एक रात्र शहरात न काढता डोंगरावर किंवा पायथ्याला काढा.

कारण हा सगळा एकच डोंगर आहे, आणि तो माणसांनी हातानं खोदलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक साचून हा काळा बेसाल्ट तयार झाला. देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, तो तासून किल्ला केला, वेरूळला पोखरून लेणी केली, खुलताबादला त्याच्या सपाट माथ्यावर तटबंदीचं गाव वसवलं. इतर ठिकाणी खाणीतून माल बाहेर येतो. इथं दगड फोडून बाहेर टाकला आणि मागं जे उरलं तोच माल. ही गोष्ट डोक्यात ठेवून फिरलात तर काय आधी पाहायचं, किती वेळ द्यायचा, कुठं थांबायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

आधी वार बघा

वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी. तेव्हा सोमवार-मंगळवार जोडून निघणाऱ्यांनी सावध राहावं. अजिंठा या फेरीत घुसवूच नका. ते शहरापासून शंभरेक किलोमीटर आहे, वेगळ्या दिशेला आहे आणि त्याला स्वतःचा एक दिवस लागतो.

श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र घृष्णेश्वराची, श्रावणातले शनिवार आणि हनुमान जयंती भद्रा मारुतीची. त्या दिवसांत संभाजीनगरहून रात्रभर पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ता भरलेला असतो आणि पोलीस वाहतूक वळवतात. दर्शनासाठीच जात असाल तर त्या वातावरणाला तोड नाही, जरूर जा. लेणी पाहायची असतील तर तो दिवस टाळा. खुलताबादचा उरूस असतो तेव्हाही गावात गाडी शिरत नाही.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचं. पण माझं मत विचाराल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर. डोंगर हिरवा, वेरूळच्या कड्यावरून धबधबे, आणि म्हैसमाळवर ढग अंगावरून जातात. पायऱ्या निसरड्या होतात, एवढाच त्रास. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन काय असतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना मात्र आधीच सांगून ठेवा. काळा दगड दुपारी असा तापतो की लेण्यांच्या अंगणात चप्पल काढून उभं राहता येत नाही. पायमोजे जवळ असू द्या.

पोचायचं कसं

नांदेड, परभणी, जालन्याकडून येणाऱ्यांना रेल्वे बरी. देवगिरी, नंदीग्राम, तपोवन या नेहमीच्या गाड्या आहेतच, आता नांदेड–मुंबई वंदे भारतही आहे. लातूर, धाराशिव, बीडकडून रस्ता बरा: सोलापूर–धुळे महामार्ग बीड, गेवराईवरून सरळ संभाजीनगरला आणून सोडतो आणि तोच पुढं वेरूळ, कन्नडकडं जातो. समृद्धी महामार्गानं येत असाल तर माळीवाड्याला उतरा. तिथून देवगिरी जवळ पडतो आणि शहराची गर्दी वाचते.

शहरापासून दौलताबाद साधारण १५ किलोमीटर, खुलताबाद २५, वेरूळ ३०. मध्यवर्ती बसस्थानकातून खुलताबाद, वेरूळ, कन्नडकडं जाणाऱ्या एसटी दिवसभर असतात. कन्नड, चाळीसगाव, धुळ्याच्या बसमध्ये चढताना मात्र कंडक्टरला विचारून घ्या, 'दौलताबादवरून जाते का?' काही गाड्या कसाबखेड्याच्या रस्त्यानं थेट वेरूळला जातात. काळी-पिवळी जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. लेकरं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर तिच्या नादी लागू नका. चौघं-पाचजण असाल तर गाडी ठरवलेली परवडते. फक्त ठरवताना 'दोन दिवस, रात्रीचा मुक्काम वेरूळला, म्हैसमाळ धरून' असं स्पष्ट बोला, म्हणजे नंतर घाटाचे वेगळे आणि वेटिंगचे वेगळे असा हिशोब निघत नाही.

स्वतःची गाडी असेल तर एक लक्षात ठेवा. दौलताबादला जुना रस्ता किल्ल्याच्या बाहेरच्या तटातल्या दिल्ली दरवाजातून जातो. कमान अरुंद, एका वेळी एकच गाडी. रविवारी दुपारी तिथं अडकलात की तास कुठं गेला कळत नाही. सकाळी आठच्या आत कमान ओलांडली की काम झालं. उशीर झालाच तर दौलताबाद टी पॉइंटवरून माळीवाडा, कसाबखेडामार्गे आधी वेरूळ गाठा आणि दिवसांची अदलाबदल करा.

मुक्काम कुठं

वेरूळला लेण्यांच्या आणि घृष्णेश्वराच्या आसपास साधी हॉटेलं आणि भक्तनिवास आहेत, खुलताबादलाही काही सोयी आहेत, म्हैसमाळला मोजक्याच. शहरात जास्त आरामशीर खोल्या मिळतात, हे खरं. पण वेरूळला राहिलं की दुसऱ्या दिवशीचा दीड-दोन तासांचा प्रवास वाचतो आणि संध्याकाळी टुरिस्ट बसेस निघून गेल्यावर गाव शांत होतं. सुट्टीचे दिवस सोडले तर खोली बघून मग पैसे ठरवता येतात. गरम पाणी किती वाजता येतं ते आधी विचारा. थंडीत हा प्रश्न एसीपेक्षा महत्त्वाचा.

पहिली सकाळ देवगिरीची

पाट्यांवर कुठं देवगिरी दिसेल, कुठं दौलताबाद, किल्ला एकच. तिकीट भारतीयांना २५ रुपये, वेरूळला ४०, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना दोन्हीकडं मोफत. रांगेत उभं राहण्यापेक्षा क्यूआर कोड स्कॅन करून मोबाइलवरच तिकीट काढा.

फाटकाशी पोचलात की लगेच वर धावू नका. पाणी भरून घ्या, प्रत्येकी किमान एक लिटर, आणि खाण्याची पिशवी गाडीतच ठेवा. इथली माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. कड्यावर मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा धूर, फटाके, आरडाओरडा अजिबात नको.

यादव राजा भिल्लम पाचवा यानं बाराव्या शतकाच्या अखेरीस इथं राजधानी केली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी रामदेवरायावर चालून आला. तेव्हा धान्य समजून वर चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं, ही गोष्ट इथं अजून सांगितली जाते. पुढं १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी उचलून इकडं आणली. हे सगळं गाइड सांगेलच. गाइड घ्यायचाच तर पर्यटन खात्याचं ओळखपत्र बघा आणि पैसे आधी बोला.

गाइड जिथं घाई करतात ती एक जागा मात्र मी सोडू देणार नाही: आतल्या खंदकावरचा पूल. भारतमातेचं मंदिर, चाँद मिनार, हत्ती हौद पाहून तुम्ही चिनी महालापाशी येता. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन याला औरंगजेबानं इथंच कैदेत ठेवलं होतं. तिथून पुढं पुलावर या, मधोमध थांबा आणि समोरच्या भिंतीकडं बघा. ती भिंत बांधलेली नाही, जोड कुठंच दिसत नाही. डोंगराची उतरती बाजू चारी अंगांनी तासून उभी केली आहे, खाली खंदक खोदला आहे, आणि निघालेला दगड तटांच्या कामी आला. घोरपडीलाही धरायला कपार ठेवली नाही. इथं दहा मिनिटं काढा, दिवसभर आणि उद्या वेरूळला काय पाहायचं ते डोळ्यांना समजेल.

पुलापलीकडं अंधारी. कातळातून वर जाणारा वळणावळणाचा भुयारी जिना, शत्रूला अंधारात चकवण्यासाठी खोदलेला. वटवाघळांचा वास उग्र असतो, नाकाला रुमाल लावा. मोबाइलचा उजेड चालतो, पण टॉर्च बरा, कारण पायऱ्यांची उंची सारखी नाही. दमेकऱ्यांनी, गुडघे दुखणाऱ्यांनी आणि अंधाराची धास्ती असणाऱ्यांनी पुलापर्यंतच यावं आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नये. किल्ल्यातलं खरं काम तिथंच दिसतं. वर जाणाऱ्यांना अंधारीनंतर बारादरी लागते, शहाजहानच्या काळातली, आणि माथ्यावर तोफ. वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे. हे स्वामी या किल्ल्याचे किल्लेदार, आणि पैठणचे एकनाथ महाराज त्यांच्याकडं शिष्य म्हणून इथंच राहिले. मराठवाड्यातली आजी बरोबर असेल तर ती तोफेसाठी नाही, पण स्वामींच्या पादुकांसाठी सगळ्या पायऱ्या चढते, आणि तुमच्या आधी चढते.

चढ-उतार धरून तीन-साडेतीन तास ठेवा. खाली आलात की फाटकाबाहेर पिठलं-भाकरी, ठेचा, उसाचा रस मिळतो. दिवाळीच्या आगेमागे आलात तर रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात, त्या गाडी थांबवायच्या लायकीच्या असतात. डोळे उघडलेलं पण घट्ट फळ घ्या. मऊ घेतलंत तर घाट संपेपर्यंत पिशवीत त्याचा लगदा होतो.

घाटात कागजीपुरा

दौलताबाद सोडून घाट चढला की कागजीपुरा लागतं. तुघलकाच्या काळात दिल्लीकडून आलेल्या कारागिरांनी इथं हातकागद सुरू केला, अशी परंपरा सांगतात. चिंध्यांचा लगदा, पाण्याचा हौद, आणि चाळणीवर उचलला जाणारा ओला कागद. काम चालू असेल तर बघायला देतात. अर्धा तास पुरे. वह्या, पाकिटं घ्यायला हरकत नाही.

खुलताबाद: दुपारनंतर, डोकं झाकून

खुलताबाद हे तटबंदीचं गाव. वेशी अजून उभ्या आहेत, नगारखान्याच्या दरवाजातून आत गेलात की मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दर्गे. चौदाव्या शतकात दिल्लीकडून आलेले चिश्ती सूफी इथं राहिले आणि इथंच दफन झाले: बुऱ्हानुद्दीन गरीब, झैनुद्दीन शिराझी, जर जरी जर बक्ष. त्यांच्या पायाशी जागा मिळावी म्हणून पुढचे राजे-वजीर इथं पुरले गेले. हैदराबादचा पहिला निजाम आसफजाह याची कबर बुऱ्हानुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. झैनुद्दीन यांच्या दर्ग्यात औरंगजेबाची कबर. तो १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणं त्याला इथं आणलं. कबर उघड्या आभाळाखाली, वर मातीत सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची, लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजामानं बसवलेली.

या कबरीवरून वाद पेटतात, बंदोबस्त असतो. ओळखपत्र जवळ ठेवा, नाव लिहायला सांगितलं तर लिहा, मोबाइल आत ठेवायला सांगितला तर ठेवा. पाहायला जा किंवा जाऊ नका, तुमची मर्जी. पण तिथं उभं राहून रील करणं, घोषणा देणं हे गावात राहणाऱ्यांच्या डोक्याला ताप आहे. दर्ग्यात चपला बाहेर, डोकं रुमालानं झाकलेलं. कुठल्या भागात बायकांनी जायचं नाही ते तिथला माणूस सांगतो. चादर, फुलं घ्यायचा आग्रह होईल. घ्यायची नसेल तर हसून पुढं व्हा.

ज्याच्याकडं टॅक्सीवाले नेत नाहीत त्याच्याकडं मात्र मुद्दाम जा. गावाच्या कडेला मलिक अंबरची कबर आहे. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तीच पुढं औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाली. देवगिरीचा बाहेरचा तट त्याच्याच नावानं अंबरकोट. शहराला डोंगरातून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच, तीही जमिनीखालून खोदत नेलेली. १६२६ मध्ये तो वारला. घुमट भक्कम आहे, गर्दी नसते, सावली असते.

भद्रा मारुती त्याच गावात. मारुती झोपलेला आहे, असा देशात फार कमी ठिकाणी दिसतो. इतर वारी दर्शन पटकन होतं, शनिवारी रांग.

उजेड शिल्लक असेल तर सुलीभंजनला जा. खुलताबादपासून थोड्याच अंतरावर, कड्याच्या टोकावर दत्ताचं देऊळ. एकनाथांनी इथं तप केलं असं मानतात. वारा असतो, आणि खाली पसरलेलं माळरान. इथून सूर्यास्त बघून घाट उतरा आणि वेरूळला मुक्कामाला या. अंधारात घाटातल्या वळणांवर ट्रॅक्टर बिनदिव्याचे असतात, सावकाश.

म्हैसमाळ: पावसाळ्यात, एरवी नाही

म्हैसमाळला 'मराठवाड्याचं महाबळेश्वर' म्हणतात. म्हणू दे. उंची हजार मीटरच्या वर, खुलताबादपासून १२ किलोमीटर, गिरिजादेवीचं आणि बालाजीचं मंदिर, दूरदर्शनचा मनोरा. जुलै ते सप्टेंबर सकाळी सातला पोचलात तर धुकं, रानफुलं आणि गरम मक्याचं कणीस. उन्हाळ्यात फक्त वारा. रविवारी दुपारी अरुंद रस्त्यावर गाड्यांची माळ लागते, तेव्हा न गेलेलं बरं. पावसाळ्यात आलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे वर जाऊन नऊपर्यंत खाली या. एरवी ही वेळ झोपेला किंवा घृष्णेश्वराच्या दर्शनाला द्या.

दुसरा दिवस वेरूळचा, आणि उलट क्रमानं

लेणी ३४ आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. साधारण सहाव्या-सातव्या शतकापासून दहाव्यापर्यंत खोदली, कड्याला लागून दोनेक किलोमीटर. १९८३ पासून जागतिक वारसा यादीत. फाटकातून आत शिरलं की समोरच १६ नंबर, कैलास. सगळे तिकडं धावतात. तुम्ही जाऊ नका.

कैलास पश्चिमेकडं तोंड करून आहे, सगळा कडाच तसा. सकाळी अंगणात सावली आणि आतल्या मूर्ती काळोखात. दुपारी तीननंतर ऊन आत येतं. शिवाय सकाळी दहा ते एक शाळांच्या सहली. म्हणून सकाळी जैन लेण्यांपासून सुरुवात करा. ती दूर आहेत, तिकडं आतल्या आत बस मिळते. चालायचं तर उन्हाआधी चाला.

पहिल्यांदा ३० नंबर. नाव छोटा कैलास. ते थोडं बाजूला पडतं, विचारत जा. मोठ्या कैलासाची नक्कल करायला घेतली आणि अर्धवट राहिली, म्हणूनच ते आधी पाहायचं. खणायचं कसं हे पुऱ्या झालेल्या लेण्यात कळत नाही. कुठवर दगड सोडला, कुठवर आकार आला, वरून खाली येताना काम कुठं थांबलं, हे इथं उघडं दिसतं. वेरूळला असे अर्धे राहिलेले खांब आणि नुसत्या चौकोनी ठोकळ्यात अडकलेल्या मूर्ती ठिकठिकाणी आहेत. एकदा डोळा बसला की सापडत जातात. मग ३२ नंबर, इंद्रसभा. अंगणात एकसंध दगडातला हत्ती, वरच्या मजल्यावर छताला कोरलेलं कमळ आणि रंगांचे उरलेले तुकडे. वर जायचा जिना अंधारा आहे म्हणून लोक खालूनच परततात. वर जा.

तिथून २९ नंबर, धुमार लेणं. पावसाळ्यात शेजारून येळगंगेचा धबधबा कोसळतो, दगड ओले असतात, कठड्यापलीकडं पाय नको. आत रावण कैलास हलवतोय ते शिल्प बघून ठेवा, दुपारी याचं दुसरं रूप भेटणार आहे. परत येताना २१ नंबर रामेश्वर: दर्शनी बाजूला मगरीवर उभी गंगा. वेरूळमधली सगळ्यात देखणी बाई तीच, असं माझं मत.

एवढ्यात दुपार होते. बाहेर येऊन जेवा. तासभर बसा. अडीच-तीनला परत आत.

कैलास आधी वरून बघा. बाजूच्या पायवाटेनं कड्यावर चढलं की कुंपणाआडून खाली पूर्ण मंदिर दिसतं. मंडपाच्या छतावर कोरलेलं कमळ आणि त्यावर चार दिशांना तोंड करून उभे चार सिंह. जमिनीवर उभं राहून हे कुणाला दिसलं नसतं, पण खोदणारे वरूनच खाली आले. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, कड्यात तीन बाजूंनी चर पाडले आणि मध्ये उरलेल्या ठोकळ्यातून शिखरापासून खाली मंदिर काढत आणलं. अंगण सुमारे ८२ मीटर लांब, ४६ मीटर रुंद, मागची भिंत तिसेक मीटर उंच. बाहेर काढलेला दगड दोन लाख टनांच्या घरात असल्याचा अंदाज सांगतात. दंतकथा अशी की राणीनं शिखर दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही असा पण केला. मग पैठणच्या कोकस नावाच्या शिल्प्यानं कळसापासूनच काम सुरू केलं, आठवड्यात कळस दाखवला आणि राणी जेवली. पैठणकर ही गोष्ट अभिमानानं सांगतात, आणि त्यांना ती सांगू द्यावी.

आता खाली. आत शिरताना समोर गजलक्ष्मी, मग दोन्ही बाजूंना एकसंध दगडातले हत्ती आणि उंच स्तंभ. डावीकडच्या भिंतीवर महाभारत, उजवीकडं रामायण, चित्रपट्टीसारखं ओळीओळीनं. लेकरांना 'हनुमान शोध' म्हणून कामाला लावा, अर्धा तास निवांत मिळतो. उजव्या बाजूनं पुढं गेलात की रावण कैलास उचलतोय: वीस हात, खाली सगळा जोर, वर पार्वती दचकून शंकराचा हात धरते आणि तिच्यामागं एक दासी पळून चालली आहे. सकाळच्या २९ नंबरमधल्या रावणाशी ताडून बघा.

मग मूर्ती सोडून मंदिराच्या मागं, अंगणाच्या अगदी शेवटच्या भिंतीकडं जा. तिथं फोटो काढण्यासारखं काही नाही म्हणून कुणी थांबत नाही. तिरपं ऊन पडलं की कातळावर छिन्नीचे माग दिसतात: बोटभर रुंदीचे, तिरके, एकाशेजारी एक, माणसाच्या हाताच्या लांबीइतके पट्टे, आणि पट्टा बदलला की तिरकेपणाही बदलतो. एक गवंडी उठला, दुसरा बसला. हात लावू नका, पण जवळ जाऊन बघा. मंदिरावर काही ठिकाणी चुन्याचा पांढरा गिलावाही चिकटलेला आहे. हे सगळं एकेकाळी पांढरं होतं आणि त्यावर रंग होते.

नंतर १५ नंबर, दशावतार. पायऱ्या चढून वरच्या मजल्यावर नरसिंह. अंगणातल्या मंडपावर दंतिदुर्गाचा लेख आहे. १२ नंबर, तीन ताल, तीन मजली विहार. सगळ्यात वरच्या मजल्यावर सात-सात बुद्ध ओळीनं बसलेले. आणि शेवटी १० नंबर, विश्वकर्मा, ज्याला जुने लोक सुताराचं झोपडं म्हणतात. दगडाच्या छताला लाकडी वासे असावेत तशा फासळ्या कोरल्या आहेत. उशिराचं ऊन खिडकीतून आत बुद्धाकडं येतं. हळू आवाजात एक सूर लावा, घुमतो. मोठ्यानं ओरडणारे असतातच, ते जाईपर्यंत थांबा.

१ ते ९ राहिली तर राहू द्या. सूर्य मावळला की पहारेकरी शिट्टी वाजवत येतात.

घृष्णेश्वर आणि गढी

म्हैसमाळला जाणार नसाल तर दर्शनाला दुसऱ्या दिवशी पहाटे जा, रांग कमी. पुरुषांना गाभाऱ्यात जायचं तर सदरा-बनियन काढावं लागतं. मोबाइल आत नाही, बाहेर लॉकर आहेत. लाल दगडाचं आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं, त्याआधीचा जीर्णोद्धार मालोजीराजे भोसल्यांचा. जवळ शिवालय तीर्थ, पायऱ्यापायऱ्यांचं कुंड. मंदिरापासून चालत जाता येईल एवढ्यावर मालोजीराजांची गढी. शहाजीराजांचं घराणं इथलं, तरी बसमधून उतरणारे बहुतेक लोक तिकडं वळत नाहीत.

खडे विकणाऱ्यांशी व्यवहार

लेण्यांबाहेर पोरं गारगोट्या घेऊन मागं लागतात. बेसाल्टच्या पोकळ्यांत खरोखरच सुंदर स्फटिक तयार होतात, त्यांतल्या बऱ्याच प्रकारांना झिओलाइट म्हणतात. पाण्यासारखा स्वच्छ किंवा हिरवट झाक असलेला अपोफिलाइट, आणि फिकट नारिंगी पंख्यासारखा स्टिलबाइट, हे इथले खरे. भडक निळा, गुलाबी, जांभळा दिसला की तो रंगवलेला समजा. ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून बघा, कधी कधी रंग तिथंच सुटतो. सांगितलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून बोलायला सुरुवात करा, पोरगं रागावत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून कपड्यांच्या मध्ये ठेवा, टोकं लगेच तुटतात. लेण्यांच्या आवारातून मात्र स्वतः दगड उचलायचा नाही, साधा खडासुद्धा नाही. तो गुन्हा आहे.

परतीची एसटी वेरूळच्या थांब्यावर मिळते. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी ती कन्नडहूनच भरून येते, म्हणून लेणी लवकर आटोपून चार-साडेचारची धरा, किंवा उशिरापर्यंत थांबायचं तर गाडीवाल्याला सांगून ठेवा. संभाजीनगरला रात्रीची रेल्वे असेल तर मधे दोन तास जादा हाताशी ठेवा आणि त्यात जुन्या शहरात जाऊन नान-खलिया खा; शाकाहारी असाल तर इम्रती.